सतरा झाडांचं कारण

अंगठ्याच्या नखानं झाडाची साल जराशी खरवडायची, खाली हिरवं दिसलं की म्हणायचं, "जित्तं हाये, लिवा." आमच्या बुढीची, म्हणजे माझ्या बायकोची, ही सवय. लिहिणारा समोर असो नाहीतर नसो. वावरात एकटी असली आणि मी लांबून पाहत असलो, तरी तिचे ओठ हललेले मला दिसायचे. लिवा.

मेली त्या दिवशी सकाळीही ती हेच करत होती. फाल्गुनाचं ऊन होतं, हरभरा निघून गेला होता, आणि आम्ही दोघं धुऱ्यावरची झाडं मोजत होतो. आमच्या वऱ्हाडात वावराच्या बांधाला धुरा म्हणतात. त्या धुऱ्यांवर तिनं सरकारच्या योजनेतून झाडं लावली होती. कडुनिंब, करंज, सीताफळ, चिंच. योजना अशी की झाडं लावायची, तीन वर्षं जगवायची, आणि दर वर्षी कृषी सहायक येऊन मोजणार. जितकी जिवंत तितकं अनुदान. दुसऱ्या दिवशी शेवटची मोजणी होती. साहेबानं मोजायच्या आधी आपल्याला आकडा माहीत पाहिजे, हा तिचा कायदा.

ती साल खरवडायची आणि मी त्या झाडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचो. चिंधी असली की एक झाड दोनदा मोजलं जात नाही. म्हणजे पाहा, ती साहेब आणि मी शिपाई. लग्न झाल्यापासून हेच चालू होतं.

मोजत मोजत मावळतीच्या धुऱ्यावर आलो. तिथं ओळीनं सतरा खड्डे रिकामे आहेत. पहिल्या खड्ड्यापाशी ती थांबली.

"कावून थांबली वं?"

"काई नाई. दम खाते."

तिनं खड्ड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. डोळ्यांत राग नव्हता. विचारणंही नव्हतं. एस.टी. येईल तेव्हा येईल, अशी फाट्यावर उभी राहिलेली बाई असते ना, तशी उभी होती. मी म्हटलं, "चाल, ऊन झालं."

"चाला," ती म्हणाली.

त्या सतरा झाडांबद्दल मला तिला एक गोष्ट सांगायची होती. वर्ष होत आलं होतं, रोज सांगायची होती. तेव्हाही नाही सांगितली. घरी आलो, तिनं भाकर खाल्ली, "जराशी टेकते" म्हणाली. चार वाजता मी चहासाठी हाक मारली. उठली नाही. दुसरी हाक मारली ती जरा रागानंच मारली.

वावर तिचं. हे आधी सांगून टाकतो, कारण सगळं त्यातच आहे.

मी पातूरकडचा. आमच्याकडं विहिरीचं पाणी गोड. हिचं गाव खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या बाजूला. जमीन काळी, लोण्यासारखी, आणि खाली पाणी असं खारट की साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. सासऱ्याला ही एकुलती एक. आम्ही भाऊ पाच, माझ्या वाट्याला दीड एकर खडक. म्हणून मला इथं आणून बसवलं. घरजावई. ज्यानं हे भोगलं नाही त्याला कळायचं नाही. माझ्या बरोबरीची माणसं गावात आबा झाली, नाना झाली. मी सत्तरी ओलांडली तरी जवाईबुवा. बापाचा जवाईबुवा, पोराचा जवाईबुवा, आता नातवाचाही जवाईबुवा. माझं नाव काय आहे हे गावात किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.

सासरा मरायला टेकला तेव्हा मला वाटलं होतं, वावर माझ्या नावावर करेल. त्यानं पोरीच्या नावावर केलं. मला म्हणाला, "जवाईबुवा, तुमी हायेच ना."

हायेच ना! वखरायला मी आहेच, पेरायला मी आहेच, फवारायला मी आहेच. सातबाऱ्यावर तेवढा नाही. तो कागद मी किती वेळा पाहिला असेल. सासऱ्याचं नाव कंसात, खाली हिचं. कंसातल्या मेलेल्या माणसाचाही मला हेवा वाटायचा.

बरं, तिनं कधी मिजास केली म्हणावं तर तेही नाही. मिजास केली असती तर भांडता आलं असतं. ती कागद आला की अंगणात उन्हात जायची, डोळ्यांपासून हातभर लांब धरायची, आणि मोठ्यानं दोनदा वाचायची. "अवो, आयका." मग मी ऐकायचं. तिची सातवी, माझी चौथी. तिच्या सातवीनं माझ्या चौथीला आयुष्यभर मान वर करू दिली नाही. ग्रामसभेत बाया घुंगट घेऊन कोपऱ्यात बसायच्या तेव्हापासून ही तलाठ्याला उभं राहून विचारायची, "भाऊ, हे कोठी लिवलं हाये थे दाखवा." मी बाजूला बसून विडी पाहत राहायचो. ओढायची की नाही, असं.

झाडांची योजना ग्रामसभेत वाचली तेव्हा सगळं गाव हसलं. खाऱ्या पट्ट्यात झाडं? मीही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो असेन. ती घरी येऊन म्हणाली, "हसून झालं असन तं फावडं काढा."

आधी तिनं अनुदानातूनच शेततळं खोदून घेतलं, पावसाचं पाणी साठवायला. आमच्याकडं गोड पाणी म्हणजे आभाळातून पडेल तेवढंच. मग झाडं लावली. प्रत्येक झाडाशेजारी एक मडकं गळ्यापर्यंत पुरलं. दर चौथ्या दिवशी तळ्याचं पाणी आणून मडकं भरायचं, ते हळूहळू पाझरत मुळाला जातं. ती डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन जायची, मी सायकलला दोन डबे लटकवून. मडकं भरताना ती झाडाला रागवायची. "काय वं, उपाशी मरून राह्यली का? खाय ना. एवढ्या दूरून आनलं." आमची पोरगी लहानपणी जेवायची नाही तेव्हा हिचा हाच आवाज होता. माझ्याशी या आवाजात ती कधी बोलली नाही. माझं जेवण ताटात वाढलेलं असायचं, तेवढं खरं.

मग तो कृषी सहायक येऊ लागला. चाळिशीतला, पोट सुटलेला, अमरावतीचा. मोटारसायकल लिंबाखाली लावायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला.

"काकाजी, काकू कोठी?"

"मी हाओ ना अठी."

"तुमी हायेच हो. काकूले बलवा."

काकू यायच्या. काकू घरून वावरात आणलेली प्लास्टिकची खुर्ची पदरानं पुसायच्या. थर्मासमधून चहा ओतायच्या, आधी साहेबाला. मला नंतर, झाकणात. मी म्हटलं एकदा, "मले कप नाई का?" तर म्हणते, "साहेब पाहुना हाये. तुमी घरचे." घरचा माणूस झाकणात चहा पितो हे मला त्या दिवशी समजलं.

दोघं फोनमध्ये डोकं घालून बसायचे. झाडाजवळ तिला उभी करून तो फोटो काढायचा, फोटोत जागेचा ठिकाणा आपोआप येतो म्हणे. दर वर्षी फोटो काढताना ती पदर सारखा करायची आणि मी फोटोत येऊ नये म्हणून तो हातानं मला बाजूला करायचा. "काकाजी, जरासे तिकडं." पैसे तिच्या खात्यात, निरोप तिच्या फोनवर. टुं असा आवाज आला की ती वाचायची. मी म्हणायचो, काय आलं? ती म्हणायची, "आपलं आलं." आपलं म्हणायची, हेही खरं. पण माझा फोन कधी वाजला नाही.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात तालुक्याला तिचा सत्कार झाला. खाऱ्या जमिनीत झाडं जगवणारी बाई म्हणून. मी पांढरं धोतर नेसून गेलो. दाराशी टेबल होतं, तिथली मुलगी नावं लिहीत होती. हिचं नाव लिहिलं, पुढं 'लाभार्थी' लिहिलं. मग मला विचारलं, "आपण?"

मी म्हटलं, "मी इचा मालक."

ती हसली. वहीत लिहिलं, 'सोबत एक'.

स्टेजवर हिला शाल आणि नारळ दिला. मी मागून तिसऱ्या रांगेत. जेवणाची पाकिटं लाभार्थ्यांनाच होती. तिनं तिचं पाकीट माझ्यापुढं धरलं, म्हणाली, "घ्या, अर्धं अर्धं करू." मी म्हटलं, मला भूक नाही. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता. एस.टी.त दोन तास ती पुरी-भाजी खात होती आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो. तिनं दोन पुऱ्या कागदात बांधून ठेवल्या. घरी आल्यावर माझ्या उशाशी ठेवल्या. मी त्या बकरीला घातल्या. सांगायला लाज वाटते, पण बकरीला घालताना मला बरं वाटलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. अकोल्याला, पोरीकडं. डॉक्टर म्हणाला, महिनाभर धूळ नको, ऊन नको. जाताना तिनं मला धुरा फिरवला. या ओळीला इतके डबे, त्या ओळीला इतके. तळ्याचं पाणी उन्हाळाभर पुरवायचं आहे. मी म्हटलं, "मी काल जन्मलो काय?"

पंधरा दिवस मी बरोबर पाणी दिलं. हे कोणी विचारत नाही, पण दिलं. मग एका सकाळी फोन वाजला. माझा फोन. कृषी सहायक.

"काकाजी, काकू नाईत ना गावात? मंग पान्याचं एकदा काकूले विचारून घेत जा. अंदाजानं देऊ नोका."

मी हो म्हटलं. फोन खिशात ठेवला. हातात दोन डबे होते, ते खाली ठेवले.

वावरात सासऱ्यानं मारलेला एक जुना बोअर आहे. पाणी भरपूर आणि खारं. त्या पाण्यानं आम्ही फवारणीचा पंप धुतो. बैल होते तेव्हा बैल धुवायचो. झाडाला कधी नाही. मी जाऊन मोटारीचं बटण दाबलं. पाइप ओढत मावळतीच्या धुऱ्यावर नेला आणि एकेक मडकं भरत गेलो. पाइप सतरा झाडांपर्यंत पुरला. लांब असता तर पुढंही गेलो असतो.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला समजलं नसेल. तसं म्हणू नका. मला माहीत होतं. तसल्याच खाऱ्या पाण्यानं पन्नास वर्षं अंग धुतलं आहे. झाडं मरावी असं मनात होतं का, तर तेही नाही. मला एवढंच वाटत होतं की एकदा तरी त्या झाडांचं काहीतरी माझ्या हातानं झालं पाहिजे. तिला न विचारता.

एकदा देऊन थांबलो असतो तर झाडं कदाचित तगली असती. चौथ्या दिवशी पुन्हा दिलं. आठव्या दिवशी पुन्हा. मग पानांची टोकं करपलेली दिसली. तळ्याचं पाणी सायकलवर वाहू वाहू ओतलं. कंबर धरली. पण मुळाशी बसलेलं मीठ डब्यांनी धुतलं जात नाही.

ती आली ती काळा चष्मा लावून. मी म्हटलं, "सिनेमातली झाली वं तू." हसली नाही. सरळ मावळतीच्या धुऱ्यावर गेली. पहिल्या झाडाची साल खरवडली. तपकिरी. दुसऱ्याची खरवडली. तपकिरी. सतराही झाडं तिनं एकेक करून पाहिली, एक सोडलं नाही. शेवटी खाली बसली. मडक्यांच्या तोंडावर पांढरा थर आला होता. तो तिनं बोटानं पुसला आणि बोट लुगड्याला पुसलं. मी तिच्या मागं उभा.

"उधई लागली वाटते," ती म्हणाली.

"हाव," मी म्हटलं. "औंदा उधई लयच हाये."

उधई म्हणजे वाळवी, ती अशी पाइपाच्या लांबीनं लागत नाही. मला माहीत, तिला माहीत. कृषी सहायक मोजायला आला तेव्हा तिनं त्यालाही उधईच सांगितलं. त्यानं लिहिलं. त्या वर्षीचं अनुदान कापून आलं. तिला तळ्याला प्लास्टिकचं अस्तर टाकायचं होतं, ते राहिलं.

मला वाटलं, आता भांडेल. भांडायला तिला काही लागत नसे. डब्याचं झाकण उघडं राहिलं तर दोन दिवस ऐकवायची. पण या सतरा झाडांबद्दल एक शब्द नाही. त्या न बोलण्याचाही मला राग यायचा. म्हटलं, चांगुलपणातही ही माझ्या पुढंच. मला गुन्हा केल्यावर शिव्या खायचाही मान नाही.

पावसाळ्यात तिनं मेलेली झाडं उपटली आणि खड्डे खोल करायला घेतले. पावसानं मीठ खाली धुतलं जावं म्हणून. मी तिच्या हातातून फावडं घेतलं. तिनं घेऊ दिलं. मी खणत होतो, ती माती बाजूला ओढत होती. मध्येच म्हणाली, "हळू. कंबर हाये तुमची." तेव्हा माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण शेजारचा माणूस हाक मारत आला, आणि मला बरंच झालं.

तर असं वर्ष गेलं, आणि ती गेली.

संध्याकाळीच तिला नेलं. पोरगी आणि जावई अकोल्याहून आले. सगळं गाव आलं. मला वाटलं नव्हतं इतकं गाव येईल. बाया रडत होत्या, ज्या गड्यांनी ग्रामसभेत दात काढले होते तेही डोळे पुसत होते. जो येईल तो तिची एक गोष्ट सांगायचा. तिनं याचा अर्ज लिहून दिला, त्याच्या पोरीला शाळेत घालून दिलं. यातल्या अर्ध्या गोष्टी मला माहीतच नव्हत्या. मी भिंतीला टेकून ऐकत होतो आणि मनात येत होतं, हे सगळे तिच्यातलं काय काय घेऊन बसले आहेत, आणि माझ्याकडं काय आहे? एक म्हातारा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दोघायनं मिळून जगवली झाडं तुमी, जवाईबुवा. जोडी होती." मी त्याचा हात खांद्यावरून काढला. लोकांना वाटलं, दुःखानं काढला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी टोपी घातली आणि निघालो. ओट्यावर बसलेला एक जण म्हणाला, "कोठी चालले? सुतकात वावरात जात असतात काय?"

"मोजनी हाये," मी म्हटलं.

कृषी सहायकाला कोणी कळवलं नव्हतं. तो गावात न येता बाहेरच्या रस्त्यानं सरळ वावरात आला. मोटारसायकल लिंबाखाली लावली.

"काकाजी, काकू कोठी?"

"मेली. काल."

तो मटकन धुऱ्यावर बसला. फाइल मांडीवर, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला, मोठा माणूस. मी तोवर रडलो नव्हतो. काल नाही, सकाळी नाही. हा माझ्या आधी रडला. खोटं कशाला बोलू, मला त्याचाही हेवा वाटला.

"उठा साहेब," मी म्हटलं. "मोजाचं हाये."

"काकाजी, मी नंतर येतो ना. तेरवी होऊ द्या."

"मार्च थांबते काय तुमचा? उठा."

उठला. आम्ही मोजायला लागलो. तो नाक ओढत फोटो काढत होता. आता फोटोत उभं राहायला कोणी नव्हतं, म्हणून नुसतंच झाड. मला बाजूला व्हा म्हणायची त्याला गरज पडली नाही. मी आपणच लांब उभा होतो.

मावळतीच्या धुऱ्यावर आलो. त्यानं फाइल उघडली. "सतरा मृत. कारण उधई. शेवटच्या अहवालात पुन्हा लिवा लागते. जुनंच ठेवतो."

"उधई नोती," मी म्हटलं.

"काय?"

"उधई नोती. म्या बोअरचं पानी देलं. तीन खेपा देलं. जानून देलं."

एवढंच बोललो. वर्षभर जे गिळत होतो ते एवढंसंच होतं. मला वाटलं, आता हा दचकेल, ओरडेल. तो फाइलीकडं पाहतच म्हणाला,

"मले माहीत हाये, काकाजी."

"कोनं सांगतलं?"

"काकूनं. मांगच्या मोजनीच्याच दिवशी. तुमी तळ्याकडं गेले होते तवा."

"काय सांगतलं?"

मी त्याची फाइल धरली. "काय सांगतलं थे सांग." मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

"म्हने, साहेब, आमच्या बुढ्यानं खारं पानी देलं. पन तुमी उधई लिवा. मले समजलं हे त्याले समजलं, तं थो लाजीनं वावरात येनं सोडून देईन. अन् मले एकटीले त्या वावरात करमत नाई."

मी त्याला शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. त्यानं पुन्हा म्हटलं.

पन्नास वर्षांत हे ती मला कधी बोलली नाही. एकदाही नाही. बोलली ती या कृषीवाल्याला, आणि वर बजावलं की त्याला सांगू नको. माझं होतं ते. माझ्या वाट्याचं होतं. वर्षभर ते याच्याजवळ पडून होतं, आणि हा खुर्चीवर बसून आमचा चहा पिऊन जात होता. मला त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली. दिली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि समोरचं नीट दिसत नव्हतं.

तो हळूच म्हणाला, "तं राहू देऊ ना तसंच? काकूचा शब्द हाये."

"नाई. लिव."

"काय लिवू?"

"खारं पानी देलं. नवऱ्यानं देलं."

"असा रकानाच नाई, काकाजी. उधई हाये, दुष्काळ हाये, जनावरं हायेत. मंग इतर."

"इतरमधी लिव."

"इतर म्हटलं का कोनं केलं, कावून केलं, सगयं लिवा लागते. आधी अनुदान कापलंच, त्याच्यावर अजून देलेलं परत मांगतील. चौकशीले बलावतील."

"माह्याकडं मांगू दे. मले बलावू दे."

आम्ही लिंबाखाली आलो. त्यानं मोटारसायकलच्या सीटवर कागद ठेवला आणि लिहायला लागला. एका ठिकाणी थांबला. मान वर केली.

"काकाजी, तुमचं पूर्ण नाव काय?"

तीन वर्षं माझ्या वावरात येत होता. मी सांगितलं. माझं, माझ्या बापाचं, आडनाव. त्यानं लिहिलं. मी कागद माझ्याकडं वळवून घेतला आणि अक्षरांखाली बोट ठेवत वाचला. घाई केली नाही. वर लाभार्थीच्या जागी तिचं नाव होतं. चार बोटं खाली, सतरा झाडं मेल्याच्या कारणात, माझं. त्या वावराच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं.

सही कुठं करायची, मी विचारलं. त्यानं जागा दाखवली. मी केली.